शुक्रवारचा ताल

माझ्या नणंदेबद्दल चांगलं बोलायचं ठरवलं की माझी जीभ जड होते. वाईट बोलावं तर तिनं माझं काही वाकडं केलेलं नाही, आणि खरी अडचण तीच आहे. कुणी आपलं काही बिघडवलेलं असलं की त्याच्यावर जळणं सोपं जातं. ती माझ्याहून लहान, बदलापूरला बेलवलीत राहते, फिजिओथेरपिस्ट आहे आणि गणपतीच्या दिवसांत ढोल-ताशा पथकात ताशा वाजवते. नुसती वाजवत नाही, सगळं पथक तिच्या काड्यांकडे डोळे लावून असतं. एकदा मिरवणुकीत मी तिला वाजवताना पाहिलं. त्या दिवशी घरी येऊन मला जेवण गेलं नाही.

कारण मी ड्रमर आहे. उल्हासनगरला वाढले, कॉलेजात ड्रम्स शिकले, तिथल्याच बँडमध्ये गिटार वाजवणाऱ्या मुलाशी लग्न केलं आणि अंबरनाथच्या मोरिवली गावात सून म्हणून आले. माझ्या रुखवतात ड्रमसेट होता अशी थट्टा लग्नात सगळ्यांनी केली. रुखवतात नव्हता, पण सामानाच्या टेम्पोत होता. सासरच्यांनी तो उतरवून घेतला, मागच्या खोलीत ठेवला आणि वर चादर टाकली. कुणी नाक मुरडलं नाही. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "यास रोज पुसावा लागतंय काय गो?"

ती मागची खोली म्हणजे आमच्या बँडचं घर. सासऱ्यांच्या लहानपणी तिथं भाताच्या गोणी असायच्या. पुढे शेती गेली, जमिनीवर कारखाने उभे राहिले आणि खोलीची मागची भिंत एका कारखान्याच्या भिंतीला जवळजवळ चिकटली. त्या कारखान्यात डब्यांची झाकणं होतात. पत्र्याची पट्टी आत सरकते, वरून प्रेस येते, ठक, झाकण खाली पडतं. पुन्हा पट्टी सरकते, पुन्हा ठक. दिवसभर, एकाच चालीनं. नवी नवरी असताना तो आवाज माझ्या डोक्यात बसायचा. मग हळूहळू ऐकू येईनासा झाला. माहेरून कुणी आलं आणि "तुम्ही इथे झोपता तरी कसे?" म्हणालं, की मी विचारायचे, "का, काय झालं?"

बँडमध्ये आम्ही चौघं. नवरा गिटार वाजवतो, गातो आणि गाणी रचतो. कीबोर्डवर उल्हासनगरचा आमचा सिंधी मित्र, ज्याच्या घरचा जीन्स शिवायचा कारखाना आहे. बेसवर नवऱ्याच्या कंपनीतला एक जण, जो बोलत नाही. खरंच बोलत नाही, होकार द्यायचा असला की एक तार छेडतो. आणि ड्रम्सवर मी. आम्ही प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवतो. ते म्हणजे काय, हे मला आजवर कुणाला धड सांगता आलेलं नाही. गाणी लांब असतात, मध्येच ताल बदलतो, चारावर चाललेलं सातावर जातं, सातावरून पाचावर, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की वाजवणारे चुकले. सासूबाईंची व्याख्या त्यातल्या त्यात बरी आहे. त्या म्हणतात, "यांचा गाना संपला असा वाटतंय, आन् मंग सुरू होतंय."

आम्ही अल्बम करायचं ठरवलं तेव्हा त्यातला मुख्य भाग आधीच तयार होता. वालधुनी नदीवरची एक लांबलचक रचना. नदी डोंगरातून स्वच्छ निघते, आमच्या गावांजवळून जाता जाता रंग बदलते, उल्हासनगरातून बाहेर पडते तेव्हा तिला नदी म्हणायला जीभ अडखळते, आणि तशीच ती खाडीला मिळते. आमच्या रचनेचे भागही त्या रंगांप्रमाणे होते. त्यातला मधला, सगळ्यात मोठा भाग सात मात्रांचा. दोन, दोन आणि तीन अशी त्याची चाल. तो ठेका माझा होता. बाकी सगळी रचना नवऱ्याची, पण तो ठेका मी बांधला, मी बसवला, आणि तो बसल्यावर बाकीच्यांनी आपापली वाद्यं त्यावर चढवली. लोक गिटारला टाळ्या वाजवतात. ड्रमरच्या वाट्याला असं एखादंच काहीतरी येतं, ज्याच्याकडे बोट दाखवून म्हणता येतं की हे माझं.

आणखी एक गोष्ट मी मिरवायचे. माझी लय. तालीम कितीही लांबो, कुणी कितीही घसरो, मी हलायचे नाही. कीबोर्डवाला म्हणायचा, "भाभी है तो टेन्शन नहीं. बाकी सब लोग भागते हैं, भाभी नहीं भागती." मी उगीच लाजल्यासारखं करायचे आणि ते वाक्य आठवडाभर पुरवून वापरायचे.

मुंबईतला स्टुडिओ घ्यायचा विचार झाला आणि बारगळला. चौघांच्या सुट्ट्या आणि स्टुडिओच्या तारखा एकमेकींचं तोंड पाहायला तयार नव्हत्या. तेव्हा आमच्याच खोलीचा स्टुडिओ करू असं ठरलं. कीबोर्डवाल्यानं कारखान्यातून जीन्सच्या कतरणीच्या गोण्या आणल्या, सासूबाईंनी ती कतरण जुन्या साड्यांत भरून जाडजूड गोधड्या शिवल्या, आणि आम्ही त्या भिंतींवर, दारावर, छताला टांगल्या. खोलीला नव्या पँटचा वास येऊ लागला. माइक भाड्यानं आले. पहिल्या दिवशी नुसती चाचणी म्हणून आम्ही थोडं वाजवून घेतलं आणि ऐकलं, तर प्रत्येक माइकमध्ये, माझ्या प्रत्येक ठोक्याच्या पाठीशी, प्रेस. ठक. ठक. ठक. गोधड्यांनी हवेतला आवाज अडवला होता, जमिनीतून येणाऱ्याला त्या काय करणार? आम्हाला कुणालाच इतकी वर्षं तो ऐकू येत नव्हता, माइकला मात्र आला.

"शुक्रवारी करू," नवरा म्हणाला. आमच्या औद्योगिक वसाहतीची सुट्टी शुक्रवारी असते. प्रेस बंद, नवऱ्याची कंपनी बंद, मी ज्या ऑफिसात काम करते तेही बंद. सगळ्यांना पटलं. बेसवाल्यानं तार छेडली.

पहिल्या शुक्रवारी सकाळी आम्ही खोलीत बसलो तेव्हा अशी शांतता होती की बाहेर मोरीत भांडी विसळल्याचं ऐकू येत होतं. आम्ही एकदम, सगळे मिळून, वाजवायचं ठरवलं होतं. एकेकानं वेगळं वाजवून जोडायचं नाही, असा नवऱ्याचा हट्ट होता, आणि मलाही तो पटत होता. सुरुवात छान झाली. सातावर आलो आणि मला पहिल्यांदाच जाणवलं की माझ्या पायाखाली काहीतरी नाही. जिन्याची एक पायरी कमी असली की पाय कसा हवेत पडतो, तसं. मी स्वतःला सावरलं, जोर लावला, आणि आम्ही शेवटपर्यंत गेलो. संपल्यावर मी हसत वर पाहिलं. कुणी हसत नव्हतं.

कीबोर्डवाल्यानं कॉम्प्युटरवर सुरुवात लावली आणि लगेच शेवट लावला. शेवट असा पळत होता जसं कुणी आमच्या मागे लागलं होतं. "भाभी," तो हळूच म्हणाला, "थोडा भाग गया."

"कोण?" मी विचारलं.

तो कॉम्प्युटरकडे वळला. बेसवाल्यानं तार छेडली नाही, म्हणजे त्याला उत्तर माहीत होतं.

दुसरा प्रयत्न पळाला. तिसरा तर रडतखडत चालला, कारण मी पळायचं नाही म्हणून लगाम ओढून बसले होते. मग नवऱ्यानं कानात टिकटिक लावायला सुचवलं, स्टुडिओत सगळेच ड्रमर लावतात तशी. लावली. ती टिकटिक कानात गेली की माझे हात सरकारी होतात. ठोका बरोबर जागी पडायचा, पण अर्ज भरल्यासारखा. नवऱ्यानं ऐकलं आणि म्हणाला, "बरोबर आहे." त्याच्या तोंडून "बरोबर आहे" आलं की समजावं, त्याला ते टाकून द्यायचंय.

त्याच दुपारी नणंद आली. शुक्रवारी आईच्या हातचा जवळा खायला ती येते, दुपारनंतर तिचं क्लिनिक असतं. खोलीच्या दारात उभी राहून तिनं आमची तोंडं पाहिली आणि म्हणाली, "काय रे, कुणी गेलं काय?" नवऱ्यानं तिला सगळं सांगितलं. मला विचारलं नाही, सरळ सांगितलं. मी टॉवेलनं हात पुसत बसले आणि मनात म्हटलं, सांग, सांग, आता गावात दवंडीही पिटव.

पुढच्या शुक्रवारीही तेच. मी आठवडाभर उशीवर, टेबलावर, मांडीवर सात मात्रा बडवत होते. गुरुवारी संध्याकाळच्या तालमीत सगळं झकास बसलं. शुक्रवारी सकाळी पुन्हा वाळू सरकल्यासारखं सरकलं. मला तर वाटायला लागलं की मला कुणाची नजर लागली, आणि कुणाची, तेही मी ठरवून टाकलं होतं. तेवढ्यात ती आलीच, हातात मिठाईचा डबा, केस वर बांधलेले, ताशाच्या काड्या पर्समधून डोकावताहेत. पथकाची तालीम सुरू झाली होती.

नवरा गिटारच्या खुंट्या पिळत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "नुसतं बघायला म्हणून, हिला बसवून बघू या का?"

मी उठले. स्टूल मागे सरकवलं, तिला वाट दिली आणि स्वयंपाकघरात जाऊन लसूण सोलायला बसले. नंतर सासूबाई म्हणाल्या की मी सोललेला लसूण महिनाभर पुरला.

तिथून ऐकू येत होतं. आधी तिनं दोनदा विचारलं, "वहिनीचा ठेका कसा आहे, दोन-दोन-तीन ना?" वहिनीचा, असं म्हणाली. मला बरं वाटायला हवं होतं. मग ते सुरू झाले. पहिल्या फेरीत ती अडखळली आणि माझा जीव सुखावला. दुसऱ्या फेरीत नाही अडखळली. तिसऱ्या फेरीपासून तिनं शेवटच्या तीन मात्रांत ताशाची तर्री भरायला सुरुवात केली, काड्यांचा सलग तडतडाट, बारीक, दाट, आणि तरी सातवी मात्रा बरोबर जिथल्या तिथं. माझा ठेका, माझे ड्रम्स, माझं स्टूल, आणि ते सगळं माझ्याशिवाय इतकं सुरेख वाजत होतं की मला ओरडावंसं वाटलं. संपल्यावर नवरा म्हणाला, "वा!"

लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या वाजवण्यावर त्यानं मान डोलावली आहे, अंगठा दाखवला आहे, एकदा डोळेही पुसले आहेत. "वा" कधी म्हणाला नाही. मी लसणाच्या पाकळीत नख इतकं रुतवलं की दिवसभर झोंबत राहिलं.

तो आत आला तेव्हा मी तयार होते. "तिलाच घ्या मग," मी म्हणाले.

"अगं, एवढाच तुकडा. बाकी अख्खा अल्बम तुझाच आहे."

"तो तुकडा म्हणजेच अल्बम. बाकीची गाणी लोक चहा पिताना ऐकणार."

"मी काही ठरवलेलं नाही."

"तू वा म्हणालास."

त्याला कळेना की यात काय चुकलं. पुरुषांना हे कधी कळत नाही, आणि समजावून सांगितलं की ते "बरोबर आहे" म्हणतात. दारात नणंद उभी होती. ती म्हणाली, "वहिनी, खरं सांगू? मला आवडेल वाजवायला." तिनं नको नको म्हणून आढेवेढे घेतले असते तर मी तिला ढोंगी म्हणून मोकळी झाले असते. तिनं तेवढीही सोय ठेवली नाही.

तसेच जेवायला बसलो. कीबोर्डवाला आणि बेसवाला खाली मान घालून जवळा-भाकरी खात होते. सासूबाई वाढता वाढता माझ्याजवळ थांबल्या, माझा चेहरा पाहिला आणि म्हणाल्या, "तुला पन शुक्करवारी जमत नाय ना गो? या घरान शुक्करवारी कुनालाच जमत नाय."

"काय जमत नाही, आई?"

"झोपाला. ही पोरां लहान होती ना, दोघांपन, दुपारची त्या मागल्या खोलीन खाटंवर झोपाची. खाट भिंतीला लावलेली. प्रेस चालू हाय तवर मेल्यागत झोपाची. शुक्करवार आला की डोळा नाय मिटाची. मंग मी बसाची थोपटत. असा." त्यांनी वाढायची पळी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हातानं माझ्या पाठीवर थोपटून दाखवलं. "हलका थोपटून नाय चालाचा. प्रेस येते तसाच. गावान सगल्या बाया शुक्करवारी तसाच थोपटाच्या."

त्यांनी चार-पाच वेळाच थोपटलं असेल. माझ्या हातातला घास तसाच राहिला. माझी पाठ त्या हाताला ओळखत होती.

नणंदेनंही घास खाली ठेवला. "वहिनी," ती म्हणाली, "तू प्रेसवर वाजवतेस."

मग ती बोलतच राहिली, भराभर, नव्या पेशंटचं दुखणं सापडल्यासारखी. "तुझा ठेका प्रेसवर बसलाय. एक ठक, एक मात्रा. तू कानानं ऐकत नाहीस, म्हणून हेडफोनमधली टिकटिक तुला चालत नाही. जमिनीतून येतं ते. स्टुलातून. तुझ्या पाठीला कळतं. दादा, तुम्ही सगळे हिच्यावर वाजवता आणि ही भिंतीवर वाजवते. शुक्रवारी भिंत सुट्टीवर."

कीबोर्डवाला म्हणाला, "साईं, ये तो हद्द हो गई," आणि हसला, मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला.

मला काय वाटलं ते सांगते. मला लाज वाटली नाही, राग आला. इतकी वर्षं जी लय माझी म्हणून मिरवली, ती तिच्या माहेरची निघाली होती. तिच्या खाटेखालची. ती रांगत होती तेव्हापासून तिच्या हाडांत होती, आणि त्यावर तिनं रस्त्यावर उभं राहून, ढोलांच्या गदारोळात, स्वतःची लय कमावली होती. मी लग्न करून आले आणि दिवाणखान्यातलं सामान वापरावं तशी ती वापरायला लागले. माझ्याकडे काय उरलं? दोन, दोन, तीन. तेवढंही तिला एका दुपारी आलं.

"चल," ती हात धुऊन म्हणाली. "बघू तर खरं होतंय का."

"काय बघू?"

"चल ना गं."

तिनं मला स्टुलावर बसवलं आणि माझ्या मागे दुसरं स्टूल ओढून त्यावर स्वतः बसली. कीबोर्डवाल्याला विचारलं, अंगावर थोपटलेलं माइकमध्ये येईल का? तो म्हणाला, कपड्यावरून नाही येणार. तिनं माझ्या डाव्या खांद्यामागे, पेशंटचा खांदा चाचपावा तसं, जरा इकडं तिकडं दाबून एक जागा शोधली आणि थोपटायला लागली. ठक. ठक. ठक. मी डोळे मिटले. नवऱ्यानं पहिला सूर लावला.

त्या वाजवण्याबद्दल मला फार काही आठवत नाही, कारण जे बरं वाजतं ते आठवत नाही. एवढं आठवतं की सातावर आलो तेव्हा पायाखाली पायरी होती. आणि हेही आठवतं की मध्येच कुठेतरी, पाचाकडे वळताना, मी थोडी पुढे झुकले, पळायचीच होते, तर तिचा हात एकदा जरा जड पडला. लहान मूल उठू पाहतं तेव्हा आया तसा हात जड करतात. मी परत मागे आले. शेवटचा ठोका पडला, झांज विरली, आणि बेसवाल्यानं न विचारता तार छेडली.

बाकीचे ऐकायला कॉम्प्युटरकडे सरकले. ती मागे हात झटकत बसली होती. तळवा लाल झाला होता.

"मस्त झालं," मी म्हणाले. आभार मानायचे होते, ते एवढ्यावरच भागवलं.

"हात माझा दुखला, वाजवलंस तू," ती म्हणाली. हसत म्हणाली, पण नुसतं हसणं नव्हतं ते. मग काड्या पर्समध्ये कोंबत म्हणाली, "वहिनी, मी आठवीत होते ना, तेव्हा बाबांकडे ड्रम्स मागितले होते. घरात एवढा आवाज नको म्हणाले. मुलीला कशाला, म्हणाले. दादाला गिटार मिळाली. मग मी ताशा धरला, कारण तो बाहेर वाजतो, घरात कुणाला त्रास नाही. आणि मग तू आलीस. टेम्पोत घालून ड्रम्स घेऊन. आणि आईनं काय विचारलं? रोज पुसावा लागतो का."

माझ्या तोंडून निघालं, "म्हणजे तूही?"

"मग काय तर. तुझ्या लग्नात मी दोन दिवस धड जेवले नव्हते."

मी तिला मिठीबिठी मारली नाही. आम्ही दोघी तशा नाही. मला वाईट वाटलं, हे खरं. आणि तिलाही माझ्यामुळे जेवण गेलं नव्हतं हे ऐकून आत कुठेतरी गार वाटलं, हेही तितकंच खरं.

आता नवऱ्यापुढे दोन रेकॉर्डिंग होती, कारण ती वाजवतानाही कीबोर्डवाल्यानं माइक चालू ठेवले होते. एक तिचं, ताशाच्या तर्रीचं. एक माझं, तिच्या हाताचं. त्यानं दोन्ही लावली, पुन्हा लावली, आणि शेवटी माझ्याकडे वळून म्हणाला, "तूच सांग. तू म्हणशील ते ठेवू." चांगल्या माणसांचा हाच त्रास असतो, कठीण काम ते आपल्या गळ्यात घालतात.

नणंद दारात चपला घालत होती, क्लिनिकला उशीर झाला होता. ती थांबली. तिला ऐकायचं होतं.

मी प्रामाणिकपणे ऐकलं. तिच्यात चमक होती. ऐकणारा मान वर करून विचारेल, हे कोण वाजवतंय, अशी. माझ्यात ती चमक नव्हती, पण नदी होती, संथ, न थांबणारी, कुणाकडे लक्ष न देता चाललेली. रचनेला काय हवं होतं याच्यावर मी अर्धा तास बोलू शकते, आणि नंतर लोकांसमोर बोललेही आहे. पण त्या क्षणी मी रचनेचा विचार केला नाही. मी काही संत नाही. मला माझी जागा हवी होती.

"माझं," मी म्हणाले.

नणंदेनं मान हलवली. "येते गं आई," असं आत ओरडली आणि गेली. त्यानंतर दोन शुक्रवार ती जवळा खायला आली नाही. सासूबाईंनी डब्यात भरून नवऱ्याबरोबर बेलवलीला पाठवला. डबा धुऊन परत आला, रिकामा. या घरात रिकामा डबा कुणी परत करत नाही, निदान चार दाणे साखर तरी टाकतात.

उरलेली गाणी मग झाली. त्यांना इतकी स्थिर लय लागत नव्हती, ती माझ्या पळण्यासकट बरी वाजली. अल्बम पुरा झाला. आवाजाची सफाई झाली, मुखपृष्ठ झालं: पुलावरून काढलेला नदीचा फोटो. नदीवरच्या रचनेबद्दल ऐकणाऱ्यांनी जे जे सांगितलं त्यात एक गोष्ट सारखी येत होती. ड्रम्स काय स्थिर आहेत. कुणीतरी पाठीशी उभं असल्यासारखे, असं एकानं लिहिलं. ते वाचून मी मोबाइल पालथा ठेवला. जिंकल्यावर माणूस शांत झोपतो असं मला वाटायचं. मी तर शुक्रवारीच काय, कुठल्याच दुपारी झोपू शकत नव्हते. तिनं नुसतं वाजवून माझी जागा घेतली असती तर मी तिच्यावर आयुष्यभर सुखानं जळले असते. तिनं ती जागा मला हातानं दिली, आणि तिथं बसून मी अजून तिच्यावर जळतेच आहे.

पण हे नंतरचं झालं. अल्बम इंटरनेटवर चढवायच्या आदल्या संध्याकाळी नवरा ओट्याशेजारी लॅपटॉप घेऊन बसला होता, कुणी काय वाजवलं ते लिहीत. मी पोळ्या करत होते. पलीकडे प्रेस चालू होती. आता मला ती ऐकू येते, रोज येते, ती ऐकू न येण्याचं सुख माझं कायमचं गेलं. त्यानं गिटारपुढे आपलं नाव टाकलं, कीबोर्डपुढे मित्राचं, बेसपुढे बेसवाल्याचं, ड्रम्सपुढे माझं.

"खाली एक ओळ घाल," मी म्हणाले. "तुझ्या बहिणीचं नाव."

"आभारात घातलंय की."

"आभारात नको. आपल्या रांगेत घाल. माझ्या नावाला लागून, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत."

मी पोळी उलटली. ती जरा करपली होती.

"घालतो," तो म्हणाला, "पण नावापुढे लिहू काय? तिनं वाजवलं काय?"

"माझा खांदा," मी म्हणाले.

त्यानं तेच टाइप केलं.